झोपेआधीची काशाची वाटी

नाशिकमध्ये एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ, दुपारची सुट्टी सोडली तर सगळा वेळ काउंटरमागे उभं. घरी पोहोचेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि डोक्यात चिठ्ठ्यांवरची अक्षरं, संपत आलेला माल, उधारी असं सगळं फिरत असतं. जेवण, आवराआवर, मुलाच्या दप्तराकडे एक नजर, की पाठ टेकायची. आणि मग झोप येत नाही. कूस बदलायची, पाय उशीवर ठेवून बघायचे, फोन हातात घ्यायचा, पुन्हा ठेवायचा. असं बरेच महिने चाललं होतं.

झोपेच्या गोळ्या माझ्या हाताशीच असतात, पण त्यांचा विचार मी कधी केला नाही. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसतात, दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं सांभाळून ठेवायची. ती वही मीच लिहिते. काही नावं दर महिन्याला येतात. पंधरा दिवसांसाठी म्हणून सुरू झालेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहिलेली मी बघते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी ती घ्यावीच, पण माझं दुखणं त्या पायरीचं नव्हतं.

माझी तगमग सासूबाईंच्या लक्षात आली होती. त्या सत्तरी ओलांडलेल्या, माहेर निफाडकडचं. एका रात्री त्यांनी देवघराखालच्या कपाटातून काशाची वाटी काढली, चमचाभर तूप घेतलं आणि मला म्हणाल्या, "बस इथे खुर्चीत. पाय दे."

मी पाय आखडूनच घेतले. "अहो आई, नको. तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही."

"बाळंतपणात चाळीस दिवस तुझे पाय कोणी चोळले होते? तेव्हा चाललं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी पहिल्या रात्री मी नीट सैल होऊ शकले नाही. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या मांडीवर आपला पाय ठेवायचा, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. बाळंतिणीचं शरीर घरातल्या बायका आपलंच समजून हाताळतात, तिथे लहान-मोठं उरत नाही. एरवी धडधाकट सुनेला ते जड जातं. माझ्या मते पायांचं माळिश आपल्या घरांमधून मागे पडलं त्याचं एक कारण हा संकोचही आहे. धाकट्यांनी थोरांचे पाय चेपायचे, उलट नाही, हा नियम. आणि धाकटे आता दिवसभर बाहेर.

त्यांची पद्धत मी नंतर शिकले, ती अशी. आधी पाय कोमट पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या पंच्याने कोरड्या करायच्या. माळिश करणाऱ्याने पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर जुना टॉवेल. लगेच चोळायला लागायचं नाही. दोन्ही तळहातांमध्ये पाऊल नुसतं धरून ठेवायचं. थंडीच्या दिवसांत हे फार जाणवतं, कारण नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पावलं बर्फासारखी गार झालेली असतात आणि त्या हातांची ऊब आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत चढते. मग घोटा धरून पाऊल दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवायचं. मग पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या हाडांमधल्या खाचांतून अंगठा घोट्याच्या दिशेने सरकवायचा. एकेक बोट धरून हलकेच ओढायचं. कडकड वाजवायचं नाही, यावर त्यांचा कटाक्ष.

त्यानंतर तळवा. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत दोन्ही अंगठे दाबत न्यायचे, पुन्हा टाचेपासून सुरुवात. पावलाच्या कमानीत माझा एक पट्टा असा होता की तिथे अंगठा आला की डोळ्यांत पाणी यायचं. आई तिथे थांबायच्या. दाब वाढवायच्या नाहीत, नुसता अंगठा टेकवून ठेवायच्या आणि मी श्वास सोडला की पुढे सरकायच्या. मला गुदगुल्याही फार व्हायच्या. त्याचा उपाय त्यांनी लगेच काढला. बोटांच्या टोकांनी हलकं हलकं चोळलं की गुदगुल्या होतात, पूर्ण तळहात टेकवून दाबून फिरवला की होत नाहीत.

वाटी सर्वांत शेवटी. तळव्याला तूप लावायचं, वाटी पालथी मुठीत धरायची म्हणजे तिचं गोल बूड तळव्याला लागतं, आणि टाचेवर, कमानीत, चवड्यावर गोल गोल फिरवायची. धातूचा पहिला स्पर्श गार लागतो, थोड्या वेळात वाटी कोमट होते. तिचा आवाजही वेगळा असतो, ओलसर, एकसुरी, घासल्याचा. एका पायाला दहा मिनिटं पुरतात. हळूहळू तळव्यावर करडा थर दिसायला लागतो आणि मग तो काळा होत जातो. जुन्या सुती कापडाने तो पुसायचा, फार चिकट वाटला तर कोरडं डाळीचं पीठ चोळून काढायचा. मग सुती मोजे. हे मोजे महत्त्वाचे, कारण तुपाचे पाय घेऊन फरशीवर चालणं म्हणजे घसरून पडण्याला आमंत्रण. शिवाय चादरीवरचे ते काळे डाग निघता निघत नाहीत.

त्या काळ्या थराबद्दल आमच्या दोघींचं एकमत व्हायला वेळ लागला. "बघ, अंगातली सगळी उष्णता निघाली," असं आई म्हणायच्या. ज्या दिवशी थर जास्त काळा त्या दिवशी त्यांना जास्त समाधान. माझं शिक्षण मला स्वस्थ बसू देईना. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, ढोबळमानाने अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. तुपातली स्निग्धाम्लं, तळव्याचा घाम आणि सततचं घर्षण यांच्यामुळे धातूचा अगदी बारीक अंश सुटतो आणि तुपात मिसळून काळा दिसतो. एका रविवारी मी लाकडी पाट उलटा केला, त्याला तूप लावलं आणि तीच वाटी त्यावर घासली. पाटही करडा पडला. आईंनी तो बोटाने पुसून बघितला, वास घेतला आणि म्हणाल्या, "असेल तुझं खरं. पण मग मला झोप का लागते?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर शोधताना मला त्यांच्या म्हणण्यातलाच खरा भाग सापडला. संध्याकाळनंतर आपल्या शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरायला लागतं आणि त्या उतरणीवर झोप येते. ही आतली उष्णता बाहेर टाकण्याचं मोठं काम तळहात आणि तळपाय करतात. तिथल्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की ऊबदार रक्त तिथे येतं, पाय गरम लागतात आणि शरीर आतून निवतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं होतं की ज्यांचे हातपाय ऊबदार असतात त्यांना झोप लवकर लागते. म्हणजे पायांवाटे उष्णता निघते हे आईंचं वाक्य खरंच आहे. ती काळ्या रंगातून दिसत नाही, एवढंच. मी हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या मनापासून खूश झाल्या, आणि तेव्हापासून काळ्या थराचं माप घेणं त्यांनी सोडलं.

आयुर्वेदात या उपचाराला पादाभ्यंग म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात त्याचे फायदे सांगितलेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, थकवा आणि बधिरपणा कमी होतो. जुने आयुर्वेदाचार्य वाग्भट यांनी रोजच्या अभ्यंगात, म्हणजे तेल लावून चोळण्यात, डोकं, कान आणि पाय यांना खास महत्त्व दिलंय. यातल्या रुक्षतेबद्दल तर मी काउंटरवरूनही साक्ष देईन. तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतातच, घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर असतात. म्हणून थंडीत आधी टाचा फुटतात आणि म्हणूनच दिवाळीनंतर भेगांच्या मलमाचा खप वाढतो. रोज रात्री तेल-तूप आणि मोजे यांनी माझ्या टाचा त्या हिवाळ्यात फुटल्या नाहीत.

झोपेचं म्हणाल तर ती जादूसारखी आली नाही. सुरुवातीच्या रात्री पाय हलके झाले, डोकं मात्र तसंच चालू. पुढे आम्ही वेळ ठरवून घेतली. जेवणानंतर तासाभराने, दिवाणखान्यातला मोठा दिवा बंद, टीव्ही बंद, माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. ही शेवटची गोष्ट वाटीइतकीच कामाची ठरली असं मला वाटतं. वीस-पंचवीस मिनिटं हातात काही नाही, उठायचं कारण नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. काही आठवड्यांनी असं व्हायला लागलं की दुसऱ्या पायाला वाटी लागेपर्यंत माझी मान कलंडायची. पडल्यावर झोप लवकर लागायला लागली. पहाटे तीनला येणारी जाग मात्र कायम राहिली, त्यावर या उपायाने काही फरक पडला नाही. कोणी विचारलं तर हेही मी सांगते, कारण अर्ध्याच गोष्टी सांगितल्या की माणूस अपेक्षा ठेवतो आणि आठ दिवसांत सोडून देतो.

मग मी आईंचे पाय घ्यायला सुरुवात केली. त्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे. रात्री तळपायांची आग होते म्हणून त्या ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायच्या, आणि वाटी खरं तर त्यासाठीच घरात टिकली होती. एका रात्री त्यांच्या उजव्या टाचेवरून अंगठा फिरवताना काहीतरी टोचलं. दिव्याखाली पाय धरला तर टाचेच्या कडेला हिरव्या बांगडीची काच, तांदळाच्या दाण्याएवढी, अर्धी आत गेलेली. भोवती कातडी लालसर आणि फुगलेली. मी विचारलं, "आई, हे दुखत नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "काय आहे तिथे?"

वाटी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांकडे गेलो. काच निघाली, जखम वेळेत हाती लागली म्हणून मलमपट्टीवर भागलं. डॉक्टरांनी मग नायलॉनचा एक बारीक तंतू त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, लागतंय का? डोळे मिटून बसलेल्या आई बऱ्याच जागी काहीच बोलल्या नाहीत. रक्ताच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्वही फार कमी निघालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ते कमी होऊ शकतं. आमच्या दुकानातून मी मेटफॉर्मिनच्या पट्ट्या रोज देते, त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून चांगली ठाऊक होती. आईंच्या पायांच्या आगीचा उपाय इंजेक्शनं, साखरेवर नियंत्रण आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं हा होता. वाटीने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मूळ कारण तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांच्या पायांचं माळिश हे आधी बघणं आणि मग चोळणं असं झालं. मी चष्मा लावून बसते. टाच, चवडा, अंगठ्याची कड, प्रत्येक बेचकी, नखांचे कोपरे. कुठे फोड, चीर, लाली, गरम लागणारी जागा? असेल तर त्या जागेला हात नाही. पाण्याचा गरमपणा मी माझ्या कोपराने बघते, त्यांच्या पायावर भरवसा ठेवत नाही, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. बोटांच्या बेचक्यांत तेल लावत नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. आणि त्यांच्या पायाला आता वाटी लावत नाही, नुसते हात. हे त्यांना सुरुवातीला पटलं नाही, पण घासण्याने कातडी सोलवटली तरी त्यांना कळणार नाही हे सांगितल्यावर त्यांनी ऐकलं. दोन-तीन थेंब तिळाचं कोमट तेल, बस. उन्हाळ्यात खोबरेल.

आमच्या एका नातेवाइकांनी वाटी फिरवणारं मशीन घ्यायचा आग्रह केला होता. काशाची थाळी विजेवर फिरते, आपण वर पाय ठेवून बसायचं. एका प्रदर्शनात मी बसून बघितलं. ज्यांच्या घरी चोळायला कोणी नाही आणि पायांना व्यवस्थित संवेदना आहेत त्यांना आवडेल असं आहे. पण ती थाळी एकाच जागी घासत राहते, तिला समोरचा पाय दिसत नाही. आईंच्या टाचेतली काच कोणत्याही थाळीला सापडली नसती, उलट आत गेली असती. म्हणून आमच्या घरी ते आलं नाही.

दुकानात हल्ली झोपेबद्दल विचारणारे खूप येतात, तरुण मुलंही. चिठ्ठीशिवाय गोळी मिळणार नाही म्हटलं की काही जण थांबतात, बोलतात. झोप बरेच आठवडे नसेल, घोरणं असेल, मन फार खचलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा, हे आधी सांगते. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते आणि गरम लागते असं कोणी म्हटलं तर ताबडतोब दवाखान्यात पाठवते आणि तिथे अजिबात चोळू नका हे बजावते, कारण आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि माळिशने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाकीच्यांना पायांचं सांगते. वाटी हवी असेल तर भांडी बाजारात मिळते, कासं आहे का पितळ हे विचारून घ्या. काशाला टोल देऊन बघा, घणघणीत नाद बराच वेळ टिकतो. पितळेचा लवकर बसतो.

एकट्या राहणाऱ्या एका मुलीने विचारलं होतं, मला कोण करून देणार? आई लेकीकडे पुण्याला गेल्या तेव्हा मी तेही करून बघितलं. पलंगाच्या कडेला बसायचं, एक पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यायचा, बाकी सगळं तसंच. गुडघा दुखत असेल तर एवढं वाकणं जमत नाही, मग टेनिसचा चेंडू जमिनीवर ठेवून बसल्या बसल्या त्यावर तळवा फिरवायचा, टाच ते चवडा, चवडा ते टाच, आणि तूप शेवटी हाताने लावायचं. दुसऱ्याच्या हातांनी जसं अंग सैल पडतं तसं यात पडत नाही, कारण मन कामावर असतं. तरी पाय गरम होतात आणि ते पुष्कळ आहे. मोजे पलंगावरच चढवायचे आणि चेंडू उचलून ठेवायचा, रात्री पाण्याला उठताना तो पायाखाली यायला नको.